सव्वासातची गाडी

मराठी माणसाला दोन इतिहास फार प्रिय असतात. एक आपल्या गावाचा आणि दुसरा आपल्या पोटाचा. सकाळी फिरायला निघालेल्या कुठल्याही सेवानिवृत्त टोळक्याजवळ पाच मिनिटे उभे राहा. ‘काय, आज कसं काय?’ हा प्रश्न तिथे हवामानाविषयी नसतो. उत्तर देणाराही ते जाणून असतो. ‘ठीक. म्हणजे तसं समाधान नाही,’ असे तो म्हणतो, आणि बाकीचे तिघे सहानुभूतीने मान हलवतात.

मोठ्या माणसांच्या पोटाला असे श्रोते तरी मिळतात. लहान मुलांच्या पोटाचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. तो घरातल्या घरात, मोरीच्या दाराशी, दबक्या आवाजात घडतो आणि मूल मोठे झाले की सगळे मिळून तो विसरतात. आमच्या घरी तो १९८६ साली घडला. रणभूमी शिरूर आणि दौंड. त्या लढाईत मी कोणाच्या बाजूने लढत होतो, हे कळायला मला जवळजवळ चाळीस वर्षे लागली, म्हणून आज लिहायला बसलो आहे. विषय नाजूक आहे. जेवता जेवता वाचायची सवय असणाऱ्यांनी आधी जेवून घ्यावे, हे बरे.

शिरूर म्हणजे जुन्या माणसांची घोडनदी. गाव इतिहासाला नवखे नाही. इथे इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरला कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी भिडली. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसचे थडगेही इथलेच. गावकरी त्याला सत्पुरुष मानतात, नैवेद्य दाखवतात, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरात आहे. अशा या पराक्रमी गावात आमचे चिरंजीव, वय वर्षे सहा, पाच-पाच दिवस शी न करता राहत होते.

पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नसे. तिसऱ्या दिवशी आमच्या मातुःश्री विचारीत, “पोराला झाली का रे?” चौथ्या दिवशी चिरंजीव दाराच्या मागे जाऊन उभे राहत. पायाला पायाची अढी, टाचा उंच, चेहरा लालबुंद. आम्ही सगळे बाहेरून प्रोत्साहन देत असू. “अरे, असा उभा काय राहतोस? बस की! जोर लाव!” तो आपल्या परीने जोर लावतो आहे, अशी आमची ठाम समजूत. तो जोर नेमका कुठल्या दिशेने लावत होता, हे पुढे येईलच.

पाचव्या दिवशी मातुःश्री पदर खोचून उभ्या राहत. त्यांच्याकडे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ ग्रंथाची पुठ्ठा गेलेली प्रत होती. ती त्यांनी वाचलेली मी कधी पाहिली नाही, पण ती उशाशी असल्याने वैद्यकीचा अधिकार त्यांच्याकडे आपोआप आला होता. गुटी घेण्याचे पोराचे वय केव्हाच गेलेले, तरी सहाण निघे. बाळहिरड्याचे चार वेढे, मुरुडशेंगेचे दोन, ज्येष्ठमधाचे दोन. ‘झोप लागू दे बिचाऱ्याला,’ म्हणून वर जायफळाचा एक. म्हणजे हिरड्याने मोकळे करायचे आणि जायफळाने पुन्हा बांधायचे! ते जमले नाही की काळ्या मनुका, मग साजूक तूप घालून गरम दूध, मग इसबगोल. इसबगोल हा शब्द फारशीतून आला. बीचा आकार घोड्याच्या कानासारखा म्हणून ते नाव पडले, असे सांगतात. घोडनदीच्या पोराला घोड्याच्या कानाने गुण यावा ही अपेक्षा गैर नव्हती. पण चिरंजिवांनी तो चमचा सबंध भिंतीवर थुंकून टाकला.

यानंतर उरे ते एरंडेल. एरंडेलाचा वंश फार मोठा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या वैद्यकीय पपायरसात एरंडाचा उल्लेख आहे. इटलीत १९२० च्या सुमारास मुसोलिनीचे काळे डगलेवाले विरोधकांना पकडून बळेच एरंडेल पाजत. तिथे जे द्वेषापोटी चालले होते ते आमच्या घरी मायेपोटी चालले होते, एवढाच काय तो फरक. चमचा, नाक दाबणे आणि हातपाय धरायला दोन माणसे ही सामग्री दोन्हीकडे सारखीच. त्यानेही भागले नाही, तर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून, किंवा साबणाची कांडी करून. पुढचे सांगत नाही. लहान मुलांना यातले एरंडेल आणि साबण दोन्ही देऊ नयेत, असे आजचे डॉक्टर सांगतात. तेव्हा आम्हाला सांगणारे कुणी नव्हते. किंवा असतील, पण ते मातुःश्रींसमोर बोलायला धजावले नसावेत.

या सगळ्यातून एकदाची शी होई. ती झाली, की घरात दिवाळी आणि पोराच्या डोळ्यांत पाणी. मग पुन्हा पहिला दिवस, दुसरा दिवस…

इथवर सारे सहन करण्यासारखे होते. पण मग भलताच प्रकार सुरू झाला. पाच-पाच दिवस ज्याला होत नाही, त्याची चड्डी दिवसातून दोन-तीनदा खराब होऊ लागली. थोडीशीच, पण पातळ. मातुःश्री म्हणाल्या, “आता जुलाब लागले वाटतं!” लगेच हिरडा बंद, जायफळ दुप्पट, साबुदाण्याची पेज. शाळेतून चिठ्ठी आली, ‘पाल्यास योग्य सवयी लावाव्यात.’ वर्गातल्या पोरांनी त्याला एक नाव ठेवले. ते मी इथे लिहिणार नाही. आणि सर्वांत वैताग आणणारी गोष्ट म्हणजे, चिरंजीव चड्डी भरून खुशाल खेळत असत. “अरे, वास येतोय, तुला कळत नाही?” तर म्हणे, “नाही.” माझी खात्री झाली, की हा खोटे बोलतो. सहा वर्षांच्या मुलाला न कळायला काय झाले? हा आळशीपणा आहे आणि मुद्दाम चालला आहे!

माझ्यासारखा विचार करणारे त्या काळी युरोपातही कमी नव्हते. तिथे तर या विषयावर मोठमोठी डोकी फिरली होती. लंडनचे नामांकित सर्जन सर आर्बथनॉट लेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बद्धकोष्ठावर उपाय म्हणून माणसांची मोठी आतडीच कापून काढली. फ्रॉइडसाहेबांनी १९०८ साली लिहून ठेवले, की लहानपणी शी धरून ठेवण्यात ज्यांना गोडी वाटते, ती माणसे पुढे टापटिपीची, काटकसरी आणि हट्टी निघतात. (आमचे चिरंजीव पुढे बँकेत लागले. तेव्हा फ्रॉइडसाहेबांना अगदीच मोडीत काढता येत नाही.) नकळत चड्डीत होण्याच्या या प्रकाराला वाइसेनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९२६ साली ‘एन्कोप्रेसिस’ असे भारदस्त नाव दिले. नाव मिळाले, पण मुलांचा मार त्यामुळे चुकला असे दिसत नाही. निदान शिरूरला तरी चुकला नाही.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही दौंडला गेलो. दौंड माझी सासुरवाडी. शिरूर-दौंड एस.टी.च्या त्या प्रवासात धडधाकट माणसांची आतडी जागची हलत, पण चिरंजिवांवर काही परिणाम झाला नाही. दौंड म्हणजे भीमेच्या काठचे जंक्शन. १८७८ साली इथून मनमाडला लाइन गेली आणि गावाचे नशीब रुळांना जोडले गेले. सासरेबुवा रेल्वेत गार्ड होते, नुकतेच सेवानिवृत्त झालेले. घड्याळ, शिट्टी आणि हिरवे निशाण त्यांनी घरी जपून ठेवले होते. दौंडच्या निम्म्या घरांत तेव्हा रेल्वेच्या वेळेवर चहा होत असे. सासऱ्यांच्या घरात श्वासही वेळापत्रकानुसार घेतला जाई.

दुसऱ्याच दिवशी पुण्याला लग्न होते. आम्ही सगळे पॅसेंजरसाठी फलाटावर उभे. चिरंजिवांना नवी कोरी पांढरी पँट. गाडीचा सिग्नल पडला, आणि सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी चिरंजिवांकडे पाहिले. पँटवर मागे डाग. “कळलं नाही तुला?” मी विचारले. “नाही,” तो म्हणाला. मी भर फलाटावर त्याच्या थोबाडीत दिली. चांगली सणसणीत. हमाल, भजीवाला, वऱ्हाडातल्या दोन मावश्या, सगळ्यांनी पाहिले. पोरगा रडला नाही. नुसता उभा राहिला.

सासरेबुवा काही बोलले नाहीत. त्यांनी त्याचा हात धरला, फलाटावरच्या नळाशी नेले, धुतले, स्वतःच्या रुमालाने पुसले आणि पिशवीतली चड्डी घातली. गाडी आली, आम्ही चढलो. पाटस गेले, केडगाव गेले, यवत गेले, तरी डब्यात कुणी बोलेना. उरुळीला गाडी थांबली तेव्हा सासरेबुवांनी खिडकीबाहेर बोट दाखवले.

“इथं महात्माजी राहून गेले. सेहेचाळीस साली. ठाऊक आहे ना जावईबापू?”

ठाऊक होते. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळी कांचनला येऊन राहिले, खेडुतांना मातीचे लेप, पाण्याचे टब, मोकळी हवा यांचे उपचार सांगितले आणि निसर्गोपचार आश्रमाची सुरुवात केली. पुढे मणिभाई देसाईंनी तो सांभाळला.

“त्यांनाही हाच त्रास होता,” सासरेबुवा म्हणाले. “तिकडे आफ्रिकेत होते तेव्हापासून. आत्मचरित्रात लिहिलंय त्यांनी. एका जर्मन माणसाच्या पुस्तकातनं टबात बसायचं शिकले, दुसऱ्याच्या पुस्तकातनं पोटावर माती बांधायला. एवढा मोठा माणूस, पण पोट काही ऐकेना.” मग थोडे थांबून म्हणाले, “मात्र त्यांना कुणी थोबाडीत मारल्याचं वाचनात नाही.”

मला टोमणा कळला. राग आला. पण सासऱ्यांवर रागावण्याची सोय जावयाला लग्नापुरतीच असते, पुढे ती राहत नाही. मी वर्तमानपत्र उघडले.

लग्नाहून परतल्यावर सासरेबुवांनी पोराला महिनाभर दौंडला ठेवून घेतले. त्यांनी काय केले ते मला सौ.कडून तुकड्यातुकड्याने कळले. आधी ओळखीच्या डॉक्टरांना दाखवून पोट साफ करून घेतले. मग मोसंबीच्या लाकडी खोक्याला गोल भोक पाडून, कानस मारून, अंगणात एक सिंहासन तयार केले. खाली पॉट, पायाखाली पाट. घरच्या संडासाचे भोक मोठे. पोरगा आपण त्यात पडू या भीतीने बसतच नव्हता, हे त्यांनी एका सकाळी नुसते त्याच्याजवळ उभे राहून ओळखले. आम्हाला ते वर्षभरात कळले नव्हते. त्या खोक्याला ‘गार्डाचा डबा’ असे नाव पडले. सकाळी न्याहारी झाली की सव्वासातला डबा लागे. दहा मिनिटांचा हॉल्ट. गाडी सुटली तर हिरवे निशाण आणि शिट्टी, नाही सुटली तर, “लाइन क्लिअर नाही. संध्याकाळी बघू,” एवढेच. रागावणे वेळापत्रकात नव्हतेच. चड्डी खराब झाली तर नळाशी जाऊन दोघे मिळून धूत.

महिन्याने पोरगा बराच सुधारून परत आला. मातुःश्रींनी तोवर भीमेपलीकडच्या सिद्धटेकच्या गणपतीला नवस बोलून ठेवला होता, आणि कमी पडू नये म्हणून आमच्या तालुक्यातल्या रांजणगावच्या महागणपतीलाही. सगळे श्रेय तिकडे गेले. एकवीस मोदकांचा नैवेद्य झाला. प्रसादाचे नऊ मोदक चिरंजिवांनी एकट्यानेच खाल्ले, आणि पुढचे चार दिवस पुन्हा लाइन क्लिअर नव्हती! असो. तक्रार कमी-जास्त होत दोनेक वर्षांनी ती मिटली, आणि आम्ही सगळे मिळून तिला विसरलो. निदान माझी तशी समजूत होती.

गेल्या वर्षी चिरंजिवांच्या चिरंजिवांनी, म्हणजे आमच्या नातवाने, पुण्यात तोच इतिहास उघडला. वय सहाच. तेच पाच दिवस, तेच दारामागे उभे राहणे, तीच डागाळलेली चड्डी, आणि “कळलं नाही?” ला तेच “नाही.” आम्ही तिघे त्याला घेऊन बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “जन्मल्यावर पहिली काळी शी किती वेळानं झाली होती?” घरात चार मोबाइल, हजारो फोटो, पण याची नोंद कुणाकडेच नाही. शेवटी शिरूरला सौ.ला फोन लावला. ती तत्काळ म्हणाली, “दुसऱ्या दिवशी सकाळी, वीस तास झाले होते.” बाई खूश झाल्या. पहिल्या दोन दिवसांत ती झाली नाही, तर आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसण्याचा एक जन्मजात आजार शोधावा लागतो. हिर्शस्प्रुंग नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी तो १८८६ साली बर्लिनला मांडला होता. पण बहुतेक मुलांत असे काहीच नसते, म्हणाल्या. आणि कागदावर त्यांनी एक पिशवी काढली.

“हे आतड्याचं शेवटचं दालन. कधीतरी एकदा शी कडक होते, दुखतं. मूल मनाशी ठरवतं, पुन्हा म्हणून करायची नाही. दारामागे उभं राहतं ना, ते जोर लावत नसतं, दाबून धरत असतं. आत राहील तितकं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं. आणखी कडक, आणखी दुखणं, आणखी भीती. दिवसेंदिवस पिशवी ताणली की ‘आली’ हे सांगणारी जाणीवच बोथट होते. आणि मग वरून आलेलं पातळ, त्या खड्याच्या कडेनं झिरपतं. मुलाला खरंच कळत नाही. वासाचीही सवय होऊन जाते.”

दौंडच्या यार्डात मालगाडी अडकून पडावी आणि बाजूच्या लाइनीवरून ट्रॉल्या निसटाव्यात, तसे हे. आम्ही ट्रॉल्या बघून ‘वाहतूक फार वाढली’ म्हणत होतो आणि जायफळ उगाळत होतो!

उपाय त्यांनी सांगितले ते असे. आधी साठलेले सगळे औषधाने काढायचे. मग शी मऊ ठेवणारी पावडर रोज, पाण्यातून. ती शीमध्ये पाणी धरून ठेवते, सवय लावत नाही. पण आठवड्याने बरे वाटले म्हणून थांबवायची नाही, ताणलेली पिशवी पूर्ववत व्हायला महिने लागतात. दूध आटोक्यात, फळे-भाज्या, पाणी. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, म्हणून न्याहारी आणि जेवणानंतर पाच-दहा मिनिटे बसवायचे, पायाखाली पाट ठेवून. बसला म्हणून शाबासकी, झाली म्हणून नव्हे. “आणि रागवायचं नाही. एकदाही नाही,” त्या म्हणाल्या. “भीतीनंच तर सुरुवात होते.”

चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तेरा वेग सांगितले आहेत, जे माणसाने अडवू नयेत. त्यांत हा आहे. अडवल्यास काय होते, कोणते शेक, तेल, वर्ती, बस्ती द्यावे, सगळे आहे. दोन हजार वर्षे आपल्याला ठाऊक आहे की अडवू नये. सहा वर्षांचे पोर कशाला अडवते, एवढे मात्र त्याला आम्ही कधी विचारले नाही. मोठ्यांचे एक बरे असते. बंगालकडचे एक ओखिलचंद्र सेन गाडीतून या कामासाठी उतरले आणि गार्डाने शिट्टी मारून गाडी सोडून दिली. त्यांनी १९०९ साली रेल्वेला खरमरीत पत्र लिहिले म्हणतात. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात मांडले आहे आणि लोक ते वाचून अजून हसतात. सहा वर्षांचे पोर कुणाला पत्र लिहिणार?

बाई बोलत असताना आमचे चिरंजीव त्या कागदावरच्या पिशवीकडे बघत होते. पंचेचाळिशीचा गृहस्थ, बँकेत हुद्द्यावर, केस पिकायला लागलेले. बाहेर आल्यावर नातू मोटारीत बसला आणि आम्ही दोघे दाराशी थांबलो.

“बाबा,” तो म्हणाला, “म्हणजे मला खरंच कळत नव्हतं.”

मी काय बोलणार?

“त्या नळाचं पाणी गरम होतं,” तो म्हणाला. “मे महिना होता ना. आजोबांनी आपल्या रुमालानं पुसलं होतं.”

म्हणजे विसरलो होतो ते आम्ही. ज्याच्यावर बेतले होते, त्याला पाण्याच्या गरमपणासकट आठवत होते. मी म्हटले, “चुकलो रे.” आयुष्यात मुलाला हे पहिल्यांदाच म्हणत होतो, त्यामुळे आवाज जरा भलताच लागला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “जुनं खातं आहे. व्याज लावत नाही.”

सासरेबुवा जाऊन आता वीस वर्षे झाली. त्यांची शिट्टी सौ.च्या कपाटात होती. ती आणि एक पाट मी पुढच्या रविवारी पुण्याला पोचता केला. परदेशी बैठकीवर नातवाचे पाय लोंबकळत, ते आता पाटावर टेकतात. पावडर चालू आहे. मधूनमधून चड्डीही खराब होते, नाही असे नाही. मग बाप-लेक मिळून धुतात.

सकाळी साडेसातच्या सुमारास शिरूरला आमचा फोन वाजतो. पलीकडून कुणी बोलत नाही, नुसती लांबलचक शिट्टी ऐकू येते. स्वयंपाकघरातून सौ. विचारते, “सुटली का?”

“सुटली,” मी सांगतो. “पंधरा मिनिटं लेट.”